मी न वाचलेली चांगली पुस्तकं

आतापर्यंत मी एकोणीस पुस्तकं लोकांना वाचायला लावली. स्वतः किती वाचली विचाराल तर एक. तेही अर्धं. अर्धं पण जास्तच झालं, चौदा पानं धरा.

माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीत मी दोन वर्षं होतो म्हणून लोकांना सांगताना पाचवी सांगतो, वर्षं तेवढीच भरतात. अक्षरं मला येतात, तसं नाही. एकेकटं अक्षर समोर आलं तर ओळखतो, रामराम घालतो. पण तीच घोळक्यानं आली आणि त्यात दोन-चार जोडाक्षरं असली, की मी रस्ता बदलतो.

सातपूरला एका वर्कशॉपमध्ये मी कामाला आहे. शेठ धरून चौदा माणसं. लेथ मशीनवरनं लोखंडाचे नग निघतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. त्या कानशीनं घासून बोथट करायच्या, एवढंच माझं काम. सव्वीस वर्षं झाली. मधे एकदा मला लेथवर उभं केलं होतं. अर्ध्या तासात मी असा काही नग काढला की शेठनी तो अजून टेबलावर ठेवलाय. पंख्यानं कागद उडत नाहीत त्यामुळे.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नगांच्या प्रत्येक ट्रेबरोबर एक जॉबकार्ड फिरतं. ज्याच्या हातून काम गेलं त्यानं त्यावर लिहायचं, ओके, रिवर्क म्हणजे परत करा, नाहीतर रिजेक्ट, खाली सही. कार्ड भरल्याशिवाय ट्रे पुढं सरकत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यानंच झाला.

मागच्या दिवाळीनंतर शेठच्या ओळखीतल्या एक मॅडम आल्या. रिटायर शिक्षिका. टेम्पोतून एक लाकडी पेटी उतरवून घेतली, आत तीस पुस्तकं. सगळ्यांना गोळा करून म्हणाल्या, "ही पेटी तीन महिने तुमच्याकडे. प्रत्येक पुस्तकात मागं एक कार्ड आहे. वाचून झालं की त्यावर दोन ओळी लिहायच्या, हे दुसऱ्यानं का वाचावं. कार्डं भरली तर मी दुसरी पेटी आणीन. नाही भरली तर ही सिन्नरला जाईल, तिथल्या एका कारखान्यातले लोक मागं लागलेत. आणि एक. वाचायचं तुम्ही स्वतः. एका ठिकाणी न वाचताच कार्डं लिहिलेली सापडली. दुसऱ्या दिवशी तिथली पेटी बंद केली आम्ही."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या असं मला वाटलं. शिक्षिका कुठल्याही वयाची असो, माझ्याकडे बघूनच बोलते असं मला वाटतं.

पहिले पंधरा दिवस पेटीचा चांगला उपयोग झाला. तिच्यावर बसून जेवता यायचं, उंची बरोबर होती. मॅडम बघायला आल्या तेव्हा मीच बसलेलो होतो, मांडीवर डबा.

"तुम्ही कुठलं घेतलंत?"

मी उठलो, झाकण उघडलं, नग तोलून बघतात तशी दोन-तीन पुस्तकं हातात तोलली आणि सगळ्यात वजनदार उचललं. म्हटलं, घ्यायचंच तर मटेरियल भरपूर असलेलं घ्यावं.

"अरे वा!" मॅडमचा चेहराच बदलला. "हे तर मी भेटेल त्याला सांगते. काय पुस्तक आहे! तो म्हातारा विसरताच येत नाही. वाचाच तुम्ही, आणि झालं की मला सांगा हं, बोलायचंय मला त्यावर." दहा मिनिटं त्या बोलत होत्या. भाजी आंबली माझी. पण पुस्तकावरून एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

ते घेऊन मी घरी गेलो आणि टीव्हीशेजारी ठेवलं. तिथं छान दिसत होतं.

माझी बायको सातवी शिकलेली आहे, वर्गात पहिली यायची. पुढं शिकवलं नाही, माझ्याशी लग्न लावलं. हे बरोबर केलं का, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. ती एका मेसच्या पोळ्या करून देते, सकाळी दीडशे, संध्याकाळी दीडशे. शहरात वाचनालय आहे, मोठं आहे, पण पीठ मळायचं सोडून दोन बस बदलून कोण जाणार? वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती उलगडून वाचते. वाचता वाचता बातमी अर्धी फाटलेली निघाली की दिवसभर चिडचिड.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पुस्तक टीव्हीशेजारी नव्हतं. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकून उभं होतं. बाईसाहेब पोळी लाटतायत, नजर पुस्तकात, पान संपलं की मनगटानं उलटतायत. मी आलो हेही कळलं नाही. मी खोकलो. म्हणाली, "चहा तुमचा तुम्ही करून घ्या. म्हातारा धरणाकडे निघालाय."

जेवताना तिनं मला गोष्ट सांगितली. धरणात गाव गेलेलं असतं आणि एक म्हातारा उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर स्वतःचं घर शोधायला जातो. ती अशी सांगते की माझा घास हातातच. म्हातारा पाण्याच्या कडेला पोचला, आणि ही उठून ताटं गोळा करायला लागली.

"अगं, पुढं?"

"पुढं वाचा."

"सांग ना."

"सगळं मीच सांगितलं तर तुम्ही वाचणार कधी? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, वाट बघतेय मी."

मी हट्टानं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरच ती झोपून गेली, आणि तिसऱ्या ओळीवर मी.

मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी काय केलं? बायकोनं सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली, मीच वाचल्यासारखी. सगळे ऐकत होते. म्हातारा पाण्याच्या कडेला आला आणि माझं संपलं. तेरा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. आता काय? मी म्हटलं, "मग एक घोडा येतो. पांढरा. म्हातारा घोड्यावर बसतो आणि पाण्यातून आरपार जातो."

आमचा एक टर्नर आहे, लेथ चालवतो, सिन्नरकडचा, रोज एस्टीनं येतो. तो म्हणाला, "घोडा कुठनं आला मधीच?"

"वाच म्हणजे कळेल," मी म्हटलं. बायकोचंच वाक्य.

बायकोचं वाचून झाल्यावर तो पुस्तक घेऊन गेला. एस्टीत जाताना-येताना वाचायचा. आठवड्यानं आला तो सरळ माझ्या बाकाकडे. पुस्तक आपटलं. "भाऊ, घोडा कुठंय?"

"नाही सापडला?"

"दोनदा वाचलं शेवटी! गाढव बी नाय त्यात! घोडा येईल, घोडा येईल म्हणून मी वाचतोय, अन् म्हातारा तिथं…" इथं त्यानं बाही वर केली. पुसल्यासारखं केलं तोंडावरनं. मग म्हणाला, "पण लय भारी पुस्तक हाय. लय म्हंजे लय. घोडा नसता तर मी दहा पानांत सोडलं असतं."

आणि मागच्या कार्डावर त्यानं लिहिलं. मॅडमनी दोन ओळी सांगितल्या होत्या, पण आम्हाला कार्ड म्हटलं की एकच माहीत. त्यानं लिहिलं, 'मटेरियल एक नंबर. घोडा नाही. ओके.' खाली सही.

ते कार्ड बघून पुढच्याला वाटलं, घोडा नाही हे मुद्दाम का लिहिलंय? त्यानं नेलं. अशी गाडी सुरू झाली.

एकदा सुरू झाली ती थांबेना. मी दर आठवड्याला घरून एक नवीन पुस्तक ऐकून यायचो आणि शेवट माझ्या कारखान्यात तयार करायचो. एका बाईची गोष्ट मी विमानात बसवून संपवली, ती बिचारी शेवटपर्यंत गावच्या शाळेतच शिकवत होती. एका खुनाच्या पुस्तकात मी सांगितलं, खून कुत्र्यानं केला. आमचे फोरमन कधी हसत नाहीत, कधी कोणाशी नगाशिवाय बोलत नाहीत. ते एके दिवशी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "दोनशे पानं मी त्या कुत्र्यावर नजर ठेवून होतो."

"मग?"

"झोपलंय ते. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत झोपलंय." आणि हसले. खरंच हसले. मशीनवरच्यांनी माना वळवून बघितलं, काही बिघडलं की काय.

कार्डं भरत गेली. 'पहिली तीस पानं रफिंग, पुढं फिनिशिंग एकदम आरसा. पास.' 'मधे जाड झालंय, अजून दोन कट मारायला पाहिजे होते. रिवर्क.' 'रडू येतं. हातमोजे काढून वाचावे. ओके.' सुट्टीत भांडणं व्हायची. "तू हे वाच रे, नाही आवडलं तर आठवडाभर माझा डबा तुझा." "तुझ्या डब्यात रोज दुधी असतो, त्याच्यापेक्षा वाचतो." एकानं दुसऱ्याच्या पिशवीत गुपचूप पुस्तक घालून ठेवायचं, सोडायचंच नाही त्याला. वर्कशॉपला सव्वीस वर्षांत असा आवाज नव्हता.

माझ्या नावानं जी कार्डं होती ती अर्थातच बायको लिहायची. सुंदर अक्षर, मोत्यासारखं. मी खाली सही करायचो, ती मला येते.

तीन महिने होत आले तेव्हा तिच्या हाताला एक पुस्तक लागलं. दोन बहिणींची गोष्ट. आईच्या आजारपणावरून भांडतात आणि वीस वर्षं एकमेकींचं तोंड बघत नाहीत. यावेळी ती सांगता सांगता थांबली ते वेगळंच. डोळे भरलेले.

"शेवटी मोठी जाते धाकटीच्या घरी. दार वाजवते. आणि संपलं."

"संपलं म्हणजे?"

"हा पहिला भाग आहे. दुसरा पुढच्या पेटीत, मागच्या कार्डावर मॅडमनी लिहिलंय." ती पुस्तक पोटाशी धरून बसली होती. मला म्हणाली, "अहो, दार उघडते की नाही, एवढं तरी मला कळायला पाहिजे हो." तिची स्वतःची एक बहीण आहे इगतपुरीला. तिच्याशी बोलणं नाही, किती वर्षं ते मी मोजत नाही. मी मनात म्हटलं, काही झालं तरी दुसरी पेटी आली पाहिजे.

आणि त्याच आठवड्यात मॅडम कार्डं बघायला आल्या. वाचता वाचता इतक्या हसल्या की पेटीवरच बसल्या. "तीस वर्षं मी मुलांना पुस्तकावर लिहायला शिकवत होते, असं एकानंही लिहिलं नाही." मग अकरा कार्डं वेगळी काढली. "हे अक्षर कोणाचं? काय लिहिलंय! कोण आहेत हे?"

तेरा बोटं माझ्याकडे.

"तुम्ही! गुरुवारी पुस्तकं देणारी मंडळी येतायत. पेट्या चालू ठेवायच्या का, ते बघायला. तुम्हीच बोला त्यांच्यापुढे, कुठल्याही एका पुस्तकावर. तुम्ही बोललात की दुसरी पेटी नक्की."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला शिक्षिकेसमोर माझी जीभ उचलत नाही.

तीन दिवस बायकोनं माझ्याकडून बहिणींचं पुस्तक पाठ करून घेतलं. पोळपाटावर लाटणं आपटून विचारायची, "धाकटीचा नवरा काय करतो?" "रेल्वेत आहे." "मोठीच्या घरी कशाचं झाड?" "शेवग्याचं." एवढा अभ्यास चौथीत दोन्ही वर्षं मिळून केला नव्हता. निघताना तिनं बजावलं, "आहे तेवढंच बोला. घोड्याचं नाव काढू नका."

गुरुवारी तीन पाहुणे आले. मशीन बंद केली, खुर्च्या मांडल्या. मी उभा राहिलो आणि सुरू झालो, आणि छान चाललं हो. शेवग्याचं झाड, रेल्वे, आईचं आजारपण, सगळं ओळीनं. शेवटी मोठीनं दार वाजवलं तेव्हा शेठसुद्धा पुढं सरकून बसले. टाळ्या झाल्या. मी खाली बसणार, तेवढ्यात पाहुण्यांतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सुंदर. त्यातला तुमचा आवडता एखादा उतारा वाचून दाखवता?"

पुस्तक हातात दिलं. मी उघडलं. पहिलाच शब्द जोडाक्षर. मी बोट ठेवलं. "प… प्र… प्रत…" कपाळावरून घाम निघाला तो थेट पानावर. पूर्ण वर्कशॉपमध्ये फक्त मी आणि ते अक्षर. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांना समजलं. शिक्षिकेला समजतंच.

मी पुस्तक मिटलं. डोक्यात एकच, बायको दाराबाहेरच राहिली. ती बहीण नाही, माझी बायको.

"मॅडम, मी नाही वाचलं," मी म्हटलं. "एकही नाही. वाचते माझी घरची. कार्डं तिची, अक्षर तिचं. मी नुसता बसमधून पुस्तकं नेतो-आणतो, हमाल. शिक्षा करायची तर मला करा, पण पेटी बंद करू नका. तिला दुसरा भाग पाहिजे."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. आणि सिन्नरचा टर्नर उठला.

"सायेब, ह्यो खोटारडा हाय हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं. ह्यानं मला घोडा दाखवला. घोडा नव्हता. पण मी पुस्तक वाचलं."

फोरमन बसल्या बसल्या म्हणाले, "मला कुत्रा."

"मला विमान," कोपऱ्यातून एक जण.

"मला सांगितलं शेवटी जत्रेत लग्न होतं. कसलं लग्न, सगळे कोर्टात!"

आणि मग सगळेच बोलायला लागले, कोणी कुठलं पुस्तक कशापायी वाचलं. पाहुण्यांना माझ्याशी काही देणंघेणंच राहिलं नाही. एकजण एका पाहुण्याचा हात धरून सांगत होता, "तुम्ही हे नाही वाचलं? मग काय वाचलं तुम्ही?"

मॅडमनी हात वर केला. आवाज बंद. माझ्याकडे वळल्या. "त्या कुठे आहेत?"

"घरी. पोळ्या लाटतेय."

"फोन लावा."

मी लावला. स्पीकर मॅडमनी दाबला, तिला काय माहीत. तिकडून आधी लाटण्याचा आवाज आला, मग ती. "काय झालं? चुकलात ना? तोंड बघूनच मला वाटलं होतं सकाळी. शेवगा म्हणालात की चिंच म्हणालात?"

पूर्ण वर्कशॉप फुटलं. मॅडमनी कसंतरी स्वतःला सावरलं, नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "ताई, मला एकच सांगा. हे पुस्तक दुसऱ्यानं का वाचावं?"

तिकडं लाटणं थांबलं. मला वाटलं, घाबरून ठेवते फोन. पण ती बोलायला लागली. काय बोलली ते मला सगळं सांगता येणार नाही, आठवतं तेवढं असं की, भांडण झालेल्या घरात दोन्ही बाजूंनी रोज कोणीतरी दाराकडे बघत असतं, आणि हे पुस्तक लिहिणाऱ्यानं ते दोन्हीकडून बघितलंय. "म्हणून वाचायचं," ती म्हणाली. "ज्याचं कोणाशी वाकडं आहे त्यानं तर आधी वाचायचं. पण शेवट मी सांगायची नाही, मला माहीतच नाही. तुम्ही देताय का दुसरा भाग?"

म्हातारे गृहस्थ उठले, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि मॅडमना म्हणाले, "हे मी नेतो आठ दिवस. वाचलेलं नाही मी."

"कार्ड भरायला लागेल, सायेब," टर्नर म्हणाला.

दुसरी पेटी आली. नियम बदलला, घरच्या माणसानं वाचलेलं चालेल पण सही वाचणाऱ्याची पाहिजे. मॅडमनी मला वेगळं बोलावून एक पातळ पुस्तक हातात दिलं, मोठ्या अक्षरांचं. "हे तुमचं तुम्ही. मला घाई नाही." त्यातलीच ती चौदा पानं.

दुसरा भाग मी त्याच दिवशी घरी नेला. पाच वाजले होते, परातीत मळलेलं पीठ, अजून एकही पोळी नाही. मी पुस्तक पुढं केलं. तिनं हात धुतले, दोनदा धुतले, पदराला पुसले, आणि उंबऱ्यावर जाऊन बसली ती बसलीच. मी म्हटलं, "मेस?" तिनं नुसता हात केला, परातीकडे.

म्हणून त्या संध्याकाळच्या पोळ्या मी लाटल्या. गोल एकही आली नाही. कडा मात्र सगळ्या बोथट, तेवढं मला जमतं. सात वाजता मेसवाल्याचा फोन आला, "वहिनी बऱ्या आहेत ना? पोरं विचारतायत, आज पोळ्यांऐवजी पापड पाठवलेत का?"

"बरी आहे," मी म्हटलं. "वाचतेय."

वळून बघितलं तर ती एकटीच हसत होती, डोळे पुसत. मी तव्याजवळून विचारलं, "उघडलं का गं दार?"

"जळतेय तुमची पोळी," ती म्हणाली, आणि पान उलटून माझ्याकडे पाठ केली. थोड्या वेळानं, पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "इगतपुरीची गाडी सकाळी कितीला असते हो?"